लाल रंगाखालचा हिरवा

प्रिय ताई,

‘प्रिय’ हे हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं, हुरळून जाऊ नकोस. तुझ्या व्याख्यानाची जाहिरात आमच्या प्रयोगशाळेच्या जिन्यात लागली आहे. त्यावर तुझ्या लाल चमकणाऱ्या पेशींचा भला मोठा फोटो आणि खाली साळसूदपणे छापलंय, अज्ञात रुग्णाच्या गाठीतून वाढवलेल्या. अज्ञात? अगं, स्वतःच्या बापाला अज्ञात म्हणताना जीभ कशी झडली नाही तुझी?

बाबांची गाठ काढली तेव्हा सर्जनच्या हातापाया पडून तो तुकडा मी मागून आणला. तू परिषदेत मिरवत होतीस. एरवी माझं कुणी ऐकत नाही, निदान माझी गाठ तरी तुझ्या कामी येऊ दे, असं बाबाच मला हसत म्हणाले होते. त्या पेशी काही केल्या तग धरेनात, नखऱ्यांत बाबांच्याही वरचढ. शेवटी जगल्या, तेव्हा मी त्यांच्यावर लेंटिव्हायरसचे कण सोडले. आजार पसरवायची ताकद काढून घेतलेला हा विषाणू चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाचा जनुक थेट पेशीच्या गुणसूत्रात नेऊन बसवतो. मग तिच्या लेकी, लेकींच्या लेकी, सगळ्या निळ्या प्रकाशात हिरव्या दिसतात. बाबा गेल्यावर त्या पहिल्यांदा चमकल्या आणि मी सूक्ष्मदर्शकापाशीच ढसाढसा रडले. तू सांत्वनाला म्हणून आलीस आणि जाताना त्या पेशींची एक बाटली लांबवलीस.

त्या बाटलीवर हिरव्या पेशींची खूण म्हणून लावायचा हिरवा ठिपका नव्हता, म्हणून बिनरंगी पेशींची समजून उचललीस ना? ठिपके लावायचा मला लहानपणापासून कंटाळा, वह्यांवर नावंसुद्धा तूच घालायचीस. विसरलीस! वरून लाल प्रथिनाचे कण सोडलेस आणि पेशी आपल्या झाल्या असं तुला वाटलं. पण लाल आणि हिरवा एकावर एक आले की पिवळं दिसतं, बाई. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात निळा प्रकाश झिरपलाय, तिथे तुझ्या पेशी पिवळ्याधमक आहेत. यंत्राचा दोष म्हणून तू खपवलं असशील.

तुझ्याविरुद्धची तक्रार त्याच दिवशी लिहून तयार होती. पाठवली असती तर तुझ्या तोंडाला काळं फासलं गेलं असतं आणि मला गोड झोप लागली असती. पण जोडायला पुरावा हवा, म्हणून मी त्याच पेशींच्या माझ्या गोठवलेल्या नळ्या काढायला गेले. सुट्टीत त्यांना गोठवून ठेवणारा टाकीतला द्रव नायट्रोजन आटला होता, कुणाचं लक्षच नाही. एकेक नळी वितळवून पाहिली. निळ्या प्रकाशात नुसता काळोख. बाबांचं जिवंत असं आता फक्त तुझ्याकडे उरलंय, आणि तू चोरलंस म्हणून उरलंय. हे लिहिताना अंगाची आग होते. तक्रार फाडून टाकली आहे. तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही, तरीही पदर पसरते. एक बाटली पाठव. तुझा लाल राहू दे त्यावर, मला खालचा हिरवा पुरे.

इलाज नाही म्हणून तुझीच,
धाकटी