काकांच्या अंगठ्याचा अहवाल

तीर्थरूप काकांस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार (डाव्या अंगठ्याला जरा चुकवून). नख कसं आहे? अजून एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल घालूनच फिरता का? काकूंचा त्यावरचा राग ओसरला असेल, असं धरून चालते.

नखातल्या बुरशीवर "सगळी औषधं सारखीच गुणकारी, कुठलंही घ्या" असा अहवाल मी पाठवला आणि तुम्ही कपाटातलं जुनं मलम चोपडायला लागलात, त्याबद्दल थोडं बोलायचं आहे. थोडं म्हणजे बरंच. आमच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या प्लेटमध्ये बारीक खळग्यांच्या ओळी असतात. एका ओळीत एक औषध, पहिल्या खळग्यात कडक, पुढे निम्मं निम्मं होत जाणारं, आणि शेवटच्यात औषध अजिबात नाही. सगळीकडे बुरशी कालवलेलं पाणी सोडायचं आणि चार दिवस थांबायचं. जिथे ती उगवत नाही, तिथे औषध जिंकलं. तुमच्या नखाच्या तुकड्यातली बुरशी कुठेच उगवली नाही. मला आनंदाने काही सुचेना (घरातला पहिलाच रुग्ण, आणि तोही माझ्या शिक्षणासाठी आजोबांशी महिनाभर अबोला धरणारा). बाईंना न दाखवताच मी अहवाल धाडून दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी (आमच्या प्रमुख, फार कमी बोलतात, आणि तेवढं पुरतं) प्लेट उजेडाकडे धरली आणि विचारलं, "औषध नसलेल्या खळग्यात बुरशी का नाही?" तिथे तर ती माजायला हवी होती. मग आठवलं, की बुरशी ज्या पाण्यात कालवली ते नुकतंच उकळलेलं होतं आणि ते निवायची मी वाटच पाहिली नव्हती. म्हणजे सगळ्या औषधांनी मिळून मेलेल्याला मारलं. खरं सांगते काका, फार लाज वाटली. तुम्ही माझ्या भरवशावर मलम चोळत बसला आहात, या विचाराने दोन दिवस जेवण गेलं नाही.

नवा अहवाल सोबत आहे. तुमच्या मलमातल्या औषधाच्या कडक खळग्यातही बुरशी ऐसपैस पसरली आहे. गोळ्यांतल्या औषधापुढे मात्र तिने हात टेकले. तेव्हा मलम फेका, अहवाल डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू करा.

तुमची,
धाकटी पुतणी

ता. क. नव्या अहवालाखाली सही बाईंची आहे. चाचणीही त्यांनीच केली. मला आता महिनाभर काचेची भांडी धुवायची आहेत.

आणखी एक ता. क. तुम्ही सगळ्या नातेवाइकांना "आमच्या पुतणीने तपासलं" म्हणून सांगत सुटला आहात, असं आई म्हणाली. ते बंद करू नका. गोळ्या तेवढ्या बाईंच्या सहीवर घ्या.