ड्रममधली चादर

सोलापूर, १२ ऑगस्ट १९७५

आफ्रिकेचा दौरा संपवून आज घरी आले. अप्पांनी पहिलं चादरीचंच विचारलं. मुख्य गायिकाबाईंसाठी स्वतः मागावर बसून विणली होती त्यांनी. आणि बाईंनी? नैरोबीत ड्रमवाल्याकडे फेकली. आवाज घुमू नये म्हणून त्यानं ती पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये कोंबली! प्रत्येक कार्यक्रमात अप्पांच्या चादरीवर ठोके, आणि मी कोरसवाली शेजारीच उभी. 'आ' लावायला तोंड उघडतं माझं, एवढं बोलायला नाही?

"बाई वापरतात की न्हाय चादर?"

"रोज, अप्पा."

लई खूश झाले. लगेच मागाकडे वळले. "मग जोडीची दुसरीबी विणतो की!"

मीच त्यांच्या हाती सूत दिलं.