सातव्या पानावरची प्रार्थना

४ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या चर्चच्या पाळकबाईंनी उपासनेच्या नव्या पुस्तिकेची मुद्रितं छापण्याआधी तपासायला आणून दिली. छापखान्यातून निवृत्त झालो तरी चर्चचं तपासायचं काम माझ्याकडेच. सहा पानं सरळ गेली. सातव्यावर डोळेच फिरले — नवी प्रार्थना, आणि सुरुवात काय, तर ‘हे आमच्या आई’! देवाला!

म्हटलं, “बाई, देव आपला बाप. आज आई केलीत, उद्या आत्या-मावशीही कराल.”

हसल्या. “जुनी प्रार्थना सहाव्या पानावर आहेच की. ही एकीसाठी हवीय. बाप म्हटलं की तिची प्रार्थना तिथंच थांबते. कित्येक वर्षं नुसती बसून असते.”

“एकीसाठी तीनशे प्रती?”

“एकीसाठीच,” माझ्याकडे बघत म्हणाल्या आणि निघाल्या.

५ फेब्रुवारी

सातव्या पानावरची प्रार्थना लाल पेनानं उडवली, सही ठोकली. माझी सही झाली की छापखान्यात पुन्हा कोणी वाचत नाही. चाळीस वर्षांचा शिरस्ता!

जेवताना लेकीला फुशारकीनं सांगितलं. ती अर्धं ताट तसंच उचलून आत गेली.

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेत साक्ष द्यायला, देवानं मला कसं सावरलं ते सांगायला, उभा राहिलो. दारू सुटून सोळा वर्षं झाली! टाळ्या पडल्या. लेक शेजारीच होती, तिनं वर पाहिलं नाही. थकली असेल, आठवडाभर प्रयोगशाळेत उभी असते. प्रार्थनेतही तिचे ओठ हलत नाहीत. लहानपणापासून अबोलच. मलासुद्धा ‘बाबा’ अशी हाक मारत नाही, ‘ऐकलंत का’ म्हणते.

१४ फेब्रुवारी

पुस्तिका आल्या. बाईंनी आधी सातवं पान उघडलं. निम्मं कोरं! रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कोऱ्या जागेवरून बोट फिरवत म्हणाल्या, “मी तिला शब्द दिला होता हो!”

मान वर करवेना. शेवटी मीच म्हटलं — त्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या छापून आणतो, सातव्या पानावर हातानं चिकटवतो. देव आई की बाप, ते देव बघेल. कुणाची प्रार्थना अडवणारा मी कोण?

१५ फेब्रुवारी

तीनशे चिठ्ठ्या. बोटं डिंकानं बरबटली. दुपारी लेक येऊन समोर बसली. “निम्म्या मी करते.” चर्चच्या कामाला हात लावायची तिची ही पहिलीच वेळ! एकही कड वाकडी नाही. एक चिठ्ठी मात्र बराच वेळ हातात धरून बसली.

“चूक राहिलीय का काही?”

“नाही. बरोबर आहे.”

१६ फेब्रुवारी, रविवार

सातवं पान. ‘हे आमच्या आई’ — शेजारून आवाज आला. स्वच्छ, मोठा. आधी ओळखलाच नाही. माझ्या लेकीचा! शेवटपर्यंत म्हणाली.

बाटली सोडली तेव्हाच सगळं मिटलं, असं मी धरून चाललो होतो. नशेत तिच्यावर चालवलेला पट्टा मी विसरलो. तिनं कसा विसरावा?

पायऱ्या उतरताना तिनं माझा हात धरला. माफी मागायची होती. कोणत्या तोंडानं मागू?