तू शपथ मोडली नव्हतीस, दादा

प्रिय दादा,

तू गेल्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत तुझ्याशी बोलले पुष्कळ, भांडी घासताना, रिक्षात बसल्यावर, लोकांच्या दारांवरच्या बेल दाबून उभी असताना. लिहिलं मात्र कधी नाही. लिहायचं तर खरं लिहावं लागलं असतं, आणि तेवढी छाती नव्हती. गेल्या मंगळवारी खारघरला एका घरात जे पाहिलं, त्यानंतर गप्प बसणं जमेना. म्हणून आज बसलेय.

माझं काम अजून तेच आहे. मेडिकल कॉलेजच्या दारूवरच्या सर्व्हेत घरोघर जायचं आणि विचारायचं, घरात कोण पितं, किती, कितीदा. तेव्हा कागदी फॉर्म होते, आता टॅब दिलाय. प्रश्न मात्र तेच दहा. आणि ते दहा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला विचारले, आठवतं ना? तुला!

ट्रेनिंगमध्ये आमच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, घरच्या नाहीतर ओळखीच्या एकाला बसवा आणि सराव करून या. रविवारची सकाळ होती. जुईनगरच्या आपल्या घराच्या गच्चीवर तू बनियनवर बसला होतास. मी फॉर्म काढला तसा तू हसलास.

"काय गो सुनी, माझी परीक्षा घेतंस?"

"नीट बस. आधी संमतीपत्र वाचून दाखवायचं असतं." आणि मी अगदी ऑफिसरच्या आवाजात वाचलं, तुम्ही दिलेली माहिती कोणालाही सांगितली जाणार नाही.

"आयेला पन नाय?"

"कोणालाच नाही."

तेव्हा कुठे तू सही केलीस.

दादा, तुला बेवडा कोण म्हणालं असतं? आम्ही तर नाहीच. महाप्याच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचास, कधी दांडी नाही. कोणावर हात उचलला नाहीस, आवाज चढवला नाहीस. बाबा गेल्यावर घर ओढलंस, मला शिकवलंस. शिफ्ट सुटली की घ्यायचास आणि जेवून गुपचूप आडवा व्हायचास. लग्नाची दोन स्थळं परत गेली, तेव्हाही आई म्हणाली, पत्रिका जुळली नसेल. आमच्या लेखी बेवडा म्हणजे गटारात पडलेला माणूस. तू तर आपल्या पायांवर उभा होतास!

सहावा प्रश्न आला. सकाळी उठल्यावर सावरायला आधी दारू घ्यावी लागली, असं वर्षभरात कितीदा झालं? कधीच नाही, महिन्यातून, आठवड्यातून, रोज. मी वाचून थांबले. तू खाली रस्त्याकडे बघत राहिलास.

"लिव. रोज."

मला वाटलं तू मस्करी करतोयस.

"घेतल्याबिगर हात थांबत नाय गो. गाडीला चावी लागत नाय."

केवढं मोठं सांगितलंस तू! इतकी वर्षं आतल्या आत ठेवलेलं, एका सरावाच्या फॉर्मपुढे सांगून टाकलंस. मी काय केलं? गुणांची बेरीज केली. ती सगळ्यात वरच्या रकान्यात गेली. रकान्यासमोर छापलं होतं, डॉक्टरांकडे पाठवावे. पण फॉर्म सरावाचा, मॅडमना फक्त दाखवायचा. मी घडी घालून पर्समध्ये टाकला.

आणि त्याच संध्याकाळी आईला सांगितलं.

मला तुझी काळजी वाटली म्हणून सांगितलं, हे खरं. पण तुला शब्द दिलेला होता, तुझी सही होती त्यावर. डॉक्टरकडे पाठवायचं सोडून मी तुला आईकडे पाठवलं. आणि आईकडे औषध एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवारी ती तुला गावदेवीला घेऊन गेली. मी मागे उभी होते. देवीच्या पायावर हात ठेवायला लावून आईने म्हणवून घेतलं, आजपास्नं थेंब घेनार नाय. तू एकदाही कुरकुर केली नाहीस. देवळातून बाहेर आल्यावर म्हणालास, "बरं झालं. कोनीतरी धरून थांबवाय पायजेच व्हतं." घरी आल्यावर गच्चीवरच्या टाकीमागे लपवलेल्या बाटल्या तू स्वतः काढून दिल्यास. आईने त्या मोरीत ओतल्या. कंपनीत आठवड्याची रजा टाकलीस.

पहिल्या दिवशी तुला घाम सुटला, उलट्या झाल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, विष बाहेर पडतंय, चांगलं असतं. आम्ही खूश! आईने तुझ्यासाठी तांदळाची पेज केली. हात इतके थरथरत होते की तिने चमच्याने भरवली.

दुसऱ्या दिवशी तुझा डोळ्याला डोळा लागेना. बसलास की उठायचास, उठलास की बसायचास. तुझं मन बाहेर ओढ घेतंय असं आम्हाला वाटलं. आई म्हणाली, "सुने, त्याच्या खोलीच्या दाराला बाहेरनं कडी लाव. तीन दिवस धीर धरला की सुटला पोरगा." कडी मी लावली.

तिसऱ्या दिवशी तू भिंतीवरून खेकडे झटकायला लागलास. "आये, बघ किती चढलेत! झाडू आन!" भिंत पांढरीशुभ्र होती. मग तू दाराकडे बघून बाबांशी बोललास. म्हणालास, भिजलेत बाबा, त्यांना टॉवेल द्या. आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. तिने अंगारा आणून तुझ्या कपाळाला लावला, दारावर लिंबू बांधलं. मी बी.ए. झालेली, सर्व्हेचं आयकार्ड गळ्यात घालून फिरणारी. मी त्या लिंबाला दोरा ओवून दिला.

चौथ्या दिवशी दुपारी तुला झटका आला. दात आवळले, डोळे वर गेले, डोकं लादीवर आपटलं. शेजारच्यांनी रिक्षा आणली. हॉस्पिटलात तू दोन दिवस काढलेस. तुला शुद्ध आली नाही.

तिथल्या तरुण डॉक्टरने मला आत बोलावलं. "शेवटची कधी घेतली होती?"

मी ताठ मानेने सांगितलं, "सहा दिवस एक थेंबही नाही, डॉक्टर. इथे आणेपर्यंत घरातच होता."

त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि हळू आवाजात समजावलं. रोज, सकाळपासून पिणाऱ्या माणसाच्या मेंदूला दारूची इतकी सवय झालेली असते की ती अचानक तोडली तर मेंदू बिथरतो. भास होतात, झटके येतात, जीवही जातो. अशा माणसाची दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं देऊन सोडवायची असते. "तिसऱ्या दिवशी आणलं असतं तर..." एवढं म्हणून तो थांबला. बिचारा! त्यालाही माझ्याकडे बघवेना.

त्याच दिवशी संध्याकाळी तू गेलास. मी बाहेर आले. बाकड्यावर आई बसली होती.

"काय बोलला डॉक्टर? कशानं गेला माझा नरेश?"

मी म्हटलं, "दारूने."

दादा, तेवढंच म्हटलं. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला. "म्हंजे घेतलीन त्यानं? खिडकीतनं कोनीतरी दिली त्याला? शपथ मोडलीन?"

तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं! पण नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कशाने? मग देवळात कोणी नेलं, कडी कोणी लावली, आईला जाऊन कोणी सांगितलं, सगळं आलं असतं. मी गप्प राहिले. ती सहा वर्षं हेच धरून बसली, की तू देवीच्या पायावरचा हात खोटा केलास आणि देवीने तुला नेलं. पितृपक्षात ती बाबांचं पान वाढते. तुझं वाढत नाही. मी लग्न होऊन खारघरला आले, तरी दर वर्षी त्या दिवशी माहेरी जाते, बाबांच्या पानाशेजारची रिकामी जागा बघते, आणि जेवून परत येते. कशी जेवले असेन रे मी?

तू कधी रागावला नाहीस माझ्यावर. स्वप्नात येतोस तेव्हाही भिंतच झटकत असतोस. निदान एकदा वळून शिव्या तरी द्यायच्या होत्यास!

आता मंगळवारचं सांगते. खारघरच्या एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर मी बेल वाजवली. माझ्याच वयाच्या बाईने दार उघडलं. नवरा आयटीत, दारात लहान मुलांच्या सायकली. सर्व्हे दारूचा आहे म्हटल्यावर ती गोड हसली.

"आमच्याकडे आता कोणी पीत नाही. रविवारपासून बंद! मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंय त्यांनी."

मी टॅबवर 'नाही' दाबणार होते. तेवढ्यात आतून माणसाचा आवाज आला. "अगं, चादरीवर मुंग्या किती झाल्यात बघ. झटक ना!"

माझं बोट टॅबवरून मागे आलं. मी विचारलं, "ताई, रोज घ्यायचे का? सकाळीपण?"

ती बावरली. "तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं."

"पण आता तर सोडलीय ना त्यांनी!" ती जवळजवळ ओरडलीच. "पीत होते तेव्हा कोणी आलं नाही, आणि आता सोडली तर तुम्ही म्हणता हॉस्पिटल?"

दादा, तिचा राग किती बरोबर होता! आपण सगळे तिच्यासारखेच. सोडली म्हणजे जिंकलो, असंच वाटतं ना? मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "ताई, माझा सख्खा भाऊ असाच गेला. भिंतीवर खेकडे बघत." हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले, आणि तेही एका अनोळखी दारात.

तिने लगेच वॉचमनला बोलावलं, दोघांनी धरून त्याला लिफ्टने खाली आणलं, तिच्याच गाडीतून नेलं. लिफ्टमध्ये तो माझ्या ओढणीवरून मुंग्या काढत होता. शनिवारी तिचा फोन आला. तो शुद्धीवर आहे, आठवडाभर ठेवणार आहेत, नंतर समुपदेशनाला जायचंय. ती रडली, मी रडले. फोन ठेवला आणि पहिला विचार काय आला सांगू? की तोही तिसराच दिवस होता.

मॅडमना सगळं सांगितलं. आधी म्हणाल्या, "सुनीता, आपलं काम माहिती गोळा करायचं." मी म्हटलं, "मॅडम, माझ्याकडे सहा वर्षांपूर्वीच माहिती गोळा झाली होती." त्यांनी माझा टॅब ओढून सहावा प्रश्न उघडला. आता ठरलंय, सहाव्या प्रश्नाला कोणी 'रोज' म्हटलं तर पुढच्या प्रश्नाला जायच्या आधी सांगायचं, एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरकडे चला. आणि कुठे जायचं ती चिठ्ठी हातात द्यायची.

रविवारी मी जुईनगरला गेले. आई सुके बोंबील निवडत बसली होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "आई, दादाने शपथ मोडली नव्हती."

तिचे हात थांबले.

मी सगळं सांगितलं. डॉक्टरचं, मेंदूचं, आईला फॉर्ममधलं सांगून मी शब्द मोडला त्याचं. ती ऐकत राहिली.

"दारू सोडल्यानं मानूस मरतो?"

"अशी एकदम सोडल्याने मरू शकतो, आई."

"म्हंजे त्यानं पाळली?"

"शेवटपर्यंत."

तिने हातातला बोंबील खाली ठेवला. मग म्हणाली, "मंग देवीनं नाय नेला त्याला. मी नेला."

"कडी मी लावली होती, आई."

"लावाय सांगितलेलं मी." तिने पदराने तोंड पुसलं. "सहा वरसं पोराला खोटा बोलले मी. त्यानं ऐकलं असल का गो?"

काय सांगू मी तिला? तूच सांग!

संध्याकाळी निघताना तिने मला दारात अडवलं. गावातल्या महिला मंडळाने दारूबंदीसाठी देवळात पुरुषांना शपथ द्यायचा कार्यक्रम ठेवलाय, येत्या शुक्रवारी. आई त्यात पुढे आहे. म्हणाली, "तुज्या त्या डॉक्टरीन बाईंना आन. शपथ मागनं. आधी मी सगल्या बायांना सांगते, माज्या पोराचं काय झालं. तू सांगशील तर कागद वाचल्यासारकी सांगशील."

ती हे करू शकते, दादा. माझ्यापेक्षा ती कितीतरी धीट आहे.

कारण एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही. कोणालाच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, खेकडे दिसायच्या आधी, आई बाजारात गेली होती. तू दाराशी आलास आणि आतून हळूच हाक मारलीस. अगदी शुद्धीतला आवाज होता तुझा. "सुने, मना दारू नको. शपथ मोडत नाय मी. पन आत काहीतरी बिगडतंय. मना डॉक्टरकडं ने."

मी कडीला हात लावला होता. मग वाटलं, हा बहाणा आहे. बाहेर पडला की सरळ गुत्त्यावर जाईल. मी म्हटलं, "नाटकं करू नकोस, दादा. एकच दिवस राहिलाय."

तू म्हणालास, "बरं."

त्यानंतर तू माझ्याकडे काहीच मागितलं नाहीस.

शुक्रवारी आई बायांसमोर उभी राहील तेव्हा सगळा दोष स्वतःवर घेईल, मला माहीत आहे. तो तिला एकटीला घेऊ देणार नाही. ती बोलायच्या आधी मी उठेन आणि तुझं हे मागणं आणि माझं हे उत्तर, जसंच्या तसं, तिच्यादेखत सांगेन. तिने मला कधीच माफ केलं नाही तरी चालेल. हा शब्द दिला तुला, आणि हा मोडणार नाही.

तुझी,
सुनी