मिनाराच्या भेगेवरची काच

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, ताईचे अ. आ.

सगळं ठीक, असं लिहायची सवय म्हणून लिहिणार होते. पण ठीक नाही. आपल्या गल्लीतल्या मशिदीच्या मिनाराला बोट जाईल एवढी भेग पडली आहे. लाउडस्पीकरचा कर्णा पटत नाही म्हणून तुझे भावोजी अजान द्यायला रोज पाचही वेळा त्याच जिन्यानं वर जातात. मी बोलले की म्हणतात, मिनार माझ्याहून म्हातारा, अजून टिकलाय की! तू जुन्या इमारती दुरुस्त करतोस, तूच सांग. माझा जीव टांगणीला लागलाय.

माया आहेच, पत्राला उशीर नको.
तुझी ताई

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस, सलाम वि. वि.

भावोजींना सांग, त्या मशिदीत वयानं सगळ्यांत लहान मिनारच. आधी वीटभट्टीवाल्यांनी बांधलेली तीन कमानींची बुटकी खोली होती. मग घुमट आला. मिनार शेवटी, आजोबांच्या डोळ्यांदेखत. जागा नव्हती, म्हणून जुना हौद बुजवून त्यावर उभा केला, असं ते सांगायचे. भराव खचत असेल, अशी मला भीती वाटते.

भेगेवर आडवी काचेची पट्टी गिलाव्यानं चिकटवा. शाबूत राहिली, तर भेग जुनी आहे. तडकली, तर मिनार हलतोय. मग त्यांना वर पाऊल टाकू देऊ नकोस. सुट्टी मिळाली की येतोच.

धाकट्यावर लोभ आहे तसाच ठेव.
तुझा भाऊ

ता. २ मार्च

चि. धाकट्यास, अ. आ.

काच यांनीच लावली. रोज सांगायचे, शाबूत आहे. मीही निर्धास्त झाले होते. काल मनात काय आलं, स्वतः चढून गेले. काच शाबूतच होती, पण गिलावा ओला! पायरीच्या कोपऱ्यात जुन्या काचांचे तुकडे. तडकली की हे गुपचूप नवी लावत होते.

विचारलं, तर म्हणाले, मिनार बंद झाला तर मी कोण? मला रागावताही येईना. जिन्याच्या दाराला कुलूप घातलं आणि मिनाराखालच्या शिंप्याला दुकान हलवायला लावलं.

आज त्यांनी अंगणातूनच अजान दिली. मी खिडकीशी उभी होते. आवाज दोनदा तुटला, मध्येच धाप लागली. इतकी वर्षं आवाज उंचावरून यायचा, तेव्हा हे कधी कळलंच नाही रे.

तू लवकर ये. मिनाराचं काय करायचं ते तू बघशीलच. पण आधी तुझ्या ओळखीच्या छातीच्या डॉक्टरांना विचारून ठेव.

वाट पाहते.
तुझी ताई