दारातली जळालेली जागा

बाबा, यंदा थंडी लवकर पडली आहे. वाडीच्या गोदामांच्या आवारांत सध्या माझं भेगा भरायचं काम चालू आहे. दिवसा ऊन, रात्री गारठा; डांबर सैल पडतं, आखडतं आणि तडकतं, हे तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही जन्मभर दुसऱ्याचा रोलर चालवला, आता माझे स्वतःचे दोन आहेत, हे भेटेल त्याला सांगायची माझी सवय अजून गेलेली नाही. लोक हसतात, मीही हसतो. भेग साफ करायची, गरम डांबर ओतायचं, वर दगडाची चुरी टाकायची. आणि सकाळच्या गारव्यात हात लावायचा नाही, ऊन चढू द्यायचं. सगळं तसंच चालतं.

शेकोट्याही तशाच चालतात. ट्रकवाले थेट डांबरावर लाकडं रचून बसतात. तुम्ही रोलर थांबवून खाली उतरायचे आणि म्हणायचे, "शेका ना गा, पण घमेल्यात शेका. सडकीच्या आंगावर काहून?" एकदा एका ड्रायव्हरनं विचारलं होतं, सडक तुमच्या सासऱ्याची आहे काय. तुम्ही म्हणाले, "सासऱ्याची असती तं जळू देली असती." मग त्याचीच लाकडं घमेल्यात भरून त्याच्याच शेजारी हात शेकत बसले.

तुम्ही गेले ते पौषात. मौद्याहून मामा आले होते. मडक्यात विस्तव घ्यायचा म्हणून दारासमोर गोवऱ्या पेटवायच्या होत्या. दारातला रस्ता नवा, मीच केलेला. मामांनी त्याच्यावरच गोवऱ्या रचल्या. आत बाया रडताहेत. मी मडकं धरायला उभा आहे. माझे कान किती तिखट ते तुम्हाला माहीत आहे. एवढ्या रडण्यात मला खालचं डांबर चरचरताना ऐकू येतं. मनात एकच, घमेलं आणा. ते भिंतीला टेकलेलं मला दिसतं आहे. तोंड उघडत नाही. रडूही येत नाही. मामा म्हणतात, "चाल गा, उशीर होऊन राहिला," आणि मी चालू लागतो.

ती ताटाएवढी जळालेली जागा मी भरली नाही. गावभर भेगा बुजवत फिरलो, दारातली ठेवली. दर हिवाळ्यात तिच्या कडा थोड्या थोड्या सुटत गेल्या. यंदा तिथून निघालेली भेग फाटकापर्यंत आली. लोखंडी सब्बल आपटून पाहिली तर खालून पोकळ आवाज आला. अजून एक हिवाळा काढला असता तर पुढल्या पावसात रस्ताच खचला असता, आणि शेजारच्या म्हाताऱ्या काकू काठी टेकत तिथूनच जातात. तुमची सून म्हणाली, "बाबांची आठवण अशी ठेवून राहिले काय? तेच पहिले बोलले असते तुम्हाले." खरं होतं.

काल दुपारी, ऊन चढल्यावर, भरली. कडा चौकोनी कापल्या, झाडलं, डांबराचा हात दिला, गरम माल टाकला, रोलर फिरवला. गार झाल्यावर सब्बल आपटली. भरीव आवाज आला. मला वाटलं होतं, तेव्हा तरी काही वाटेल. हात धुतले, चहा घेतला, सदर भागात एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं, गेलो.

हा कागद गाडीच्या कप्प्यातच राहील. पण एक सांगतो, आज सकाळी गाडी काढताना चाक त्या जागेला वळसा घालून गेलं. रस्ता सपाट होता, बाबा. वळवलं मीच.