‘खांड’ या शब्दाचा अर्थ

पेण

प्रिय मैनाताई,

हरेशला झटका येऊन गेला, ही बातमी रोह्यापर्यंत पोचली असेलच. उजवा हात उचलत नाही. पण मी लिहिते आहे ते त्यासाठी नाही. मूळ गोष्टीपर्यंत मला सावकाशच यावं लागेल.

त्याच्या कवितांची नवी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकाला मागे शब्दसूची हवी, अर्थ आणि व्युत्पत्तीसह. मी कॉलेजात मराठी शिकवलं, म्हणून ते काम माझ्याकडे. खांड: भरतीच्या पाण्याने खारबांधाला पाडलेलं भगदाड, संस्कृत ‘खण्ड’वरून. उघाडी: बांधातलं पाणी सोडायचं दार, ‘उघडणे’वरून. निवटी: खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा, मूळ सापडलं नाही. मी नागोठण्याकडची, भाताच्या आणि वालाच्या शेतांतली. खारं पाणी लग्नानंतर पाहिलं. अडलं की त्याला विचारायचे.

आता विचारता येत नाही. शिकलेली पुस्तकी मराठी त्याच्या तोंडातून गेली. उरली ती धोंडुबाईंची, तुम्हा भावंडांच्या आईची. काही हवं असलं की तो तुमच्या लहानपणच्या मिठागरातलं काहीतरी बोलतो. मी सूचीत शब्द शोधते, तोवर तो दमतो. डॉक्टर म्हणाले, हेही शब्द राहतील असं धरून चालू नका.

त्याचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा तुम्ही आमच्या दारात उभ्या राहून त्याला म्हणालात, “आयचं बोलनं छापून मोठा झालास, तिला इचारलं व्हतंस?” आणि चहा न घेता गेलात. पुन्हा आला नाहीत. तुमचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

परवा त्याने मला मैना म्हणून हाक मारली. मी दुरुस्त केलं नाही. मग तो म्हणाला, “मैना, खांड बुजली का गो?” आजारपणातलं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य. बांध फुटला की बायकापोरं ओळीत उभी राहून हातोहात चिखल पुढे द्यायची, तुम्ही त्याच्यापुढे असायचात, हे त्याने मला कधीतरी सांगितलं होतं. मी तुमच्यासारखा आवाज काढून म्हटलं, “व्हय, बुजली.” त्याने माझे चिखल न लागलेले हात पाहिले. मग भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून तो बोललेला नाही. पाणीसुद्धा मागत नाही. चमचा ओठांशी नेला तर तोंड मिटून घेतो.

भांडण मिटवा असं मी लिहीत नाही. पण त्या ओळीत उभं राहिलेलं तुमच्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला माहीत असेल; मला ते कुठल्याही कोशात मिळणार नाही. पत्र मिळताच रोह्याहून निघा, सकाळच्या गाडीने पेणला या. शिव्या दिल्यात तरी चालेल, पण त्याच्याशी तुम्ही बोला.

तुमचीच,
प्रणिता